बेळगाव परिसरातील घरांत खोलीनिहाय ऊब राखण्याची पद्धत

हिवाळ्यात बेळगाव शहरात पहाटेचे तापमान अनेकदा १२ ते १४ अंश सेल्सियसपर्यंत उतरते आणि थंडीची लाट आली की त्याखालीही जाते. थंड देशांतील हिवाळ्यापुढे हे काहीच नाही. परंतु तिकडची घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली असतात, आणि आपली घरे पावसाचे पाणी चटकन वाहून जावे व उन्हाळ्यात हवा खेळती राहावी या हिशेबाने. कौलांमधल्या सांदी, भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामधली मोकळी जागा, उंचावरची गवाक्षे, दाराखालची दोन बोटांची फट या सर्व गोष्टी मे महिन्यात उपयोगी पडतात आणि जानेवारीत त्याच वाटांनी हीटरची ऊब बाहेर जाते. म्हणूनच सोप्यात एक मोठा हीटर ठेवून सारे घर उबदार होईल अशी अपेक्षा धरली, तर मीटर तेवढा फिरतो.

युरोपात एका बॉयलरमधून सर्व खोल्यांत गरम पाणी फिरवतात आणि प्रत्येक खोलीतील रेडिएटरवर १ ते ५ आकड्यांची चावी असते. खोलीतील हवा तापली की चावीतील मेण किंवा द्रव फुगतो, पाण्याची वाट अरुंद होते आणि रेडिएटर आपोआप मंदावतो. बहुतेक चाव्यांवर ३ हा आकडा साधारण २० अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे झोपण्याची खोली १८ वर, बैठकीची २० वर आणि वापरात नसलेली त्याहून खाली, असे एकाच घरात जमते. आपल्याकडे बॉयलर नाही आणि त्याची गरजही नाही. पण प्रत्येक खोलीचे उद्दिष्ट वेगळे आणि वेळही वेगळी, हे तत्त्व मात्र आपल्याला जसेच्या तसे लागू पडते. पुढील सर्व कृती त्याच तत्त्वावर बेतलेली आहे, आणि तिचा क्रम बदलू नये, कारण हीटरची खरेदी त्यात बरीच उशिरा येते.

पहिली पायरी : खोल्यांची नोंद

तापमान आणि हवेतील आर्द्रता दोन्ही दाखवणारे छोटे डिजिटल यंत्र काही शे रुपयांत मिळते. असे एक तरी घ्यावे. दोन असल्यास खोल्यांची तुलना सोपी जाते. ते बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे चार फुटांवर ठेवावे. बाहेरच्या भिंतीला चिकटवून, फ्रिजच्या माथ्यावर, गॅसच्या शेगडीजवळ किंवा खिडकीतून ऊन पडते तिथे ठेवल्यास आकडा फसवा येतो. खोली बदलल्यावर यंत्राला अर्धा तास तरी स्थिरावू द्यावे.

आठवडाभर पहाटे सहाच्या सुमारास, दुपारी दोनच्या सुमारास आणि रात्री झोपण्यापूर्वी अशा तीन नोंदी वहीत कराव्यात. सर्वांत थंड वेळ मध्यरात्रीची नसून सूर्योदयाच्या आगेमागेची असते, म्हणून पहाटेची नोंद चुकवू नये. या वहीतून घराचा स्वभाव कळतो. शहापूर-वडगावच्या दाट गल्लीतील, दोन्ही बाजूंनी शेजारच्या भिंतींना टेकलेल्या घराचे माजघर रात्रभरात एक-दोन अंशच उतरते, तर टिळकवाडीतील मोकळ्या जागेवरच्या बंगल्यात गच्चीखालची ईशान्येची खोली पहाटे त्याहून कितीतरी थंड आढळते. खानापूर तालुक्यातील जाड मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंती तापायलाही वेळ घेतात आणि निवायलाही, त्यामुळे तिथे दिवस-रात्रीचा फरक कमी दिसतो. मात्र आर्द्रतेचा आकडा चढा असतो. निपाणी, चिकोडी, अथणी या कोरड्या बाजूला याच्या उलट आढळते.

दुसरी पायरी : प्रत्येक खोलीचे उद्दिष्ट

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत थंडीच्या काळात घरातील तापमान १८ अंशांच्या खाली जाऊ नये असे म्हटले आहे आणि वृद्ध, लहान मुले व दीर्घ आजारी व्यक्ती यांच्यासाठी त्याहून अधिक ऊब लागू शकते हेही नमूद केले आहे. हा आकडा हाताशी ठेवून आपल्या खोल्या लावाव्यात.

आजी-आजोबांची खोली २० ते २१ अंशांवर असावी, तीही विशेषतः पहाटे चार ते आठ या वेळेत, कारण अंथरुणातून उठून न्हाणीघराकडे जाण्याची वेळ तीच असते. धडधाकट माणसांच्या निजायच्या खोलीला १७-१८ अंश पुरतात. अंगावर चांगली वाकळ असताना त्याहून जास्त तापवलेल्या खोलीत घसा कोरडा पडतो आणि झोप मोडते. तान्ह्या बाळाच्या खोलीत २० अंशांच्या आसपास थांबावे. बाळाला ऊब लागते हे खरे असले तरी दुपटी, टोपी, मोजे आणि वर तापलेली खोली असा मारा त्याला अपायकारक ठरतो. बाळाची मान किंवा पाठ घामेजली असेल तर आधी एक पांघरूण काढावे. अभ्यासाच्या खोलीत तासन्तास बसून राहायचे असल्याने १९-२० अंश हवेत, पण तेवढ्याच तासांपुरते. न्हाणीघर २२ अंशांपर्यंत, फक्त आंघोळीच्या पंधरा-वीस मिनिटांसाठी. स्वयंपाकघराला वेगळी ऊब देऊ नये, ते आपले आपण तापते. देवघर, कोठीची खोली, पाहुण्यांची रिकामी खोली यांना ऊब नकोच, कोरडेपणा हवा, आणि त्यांची दारे बंद असावीत.

तिसरी पायरी : वारा अडवणे

दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यातील सगळी हवा सहा अंशांनी तापवायला एका युनिटच्या दहाव्या भागाहूनही कमी वीज लागते. तरीही हीटर तासन्तास चालतो, याचे कारण तापलेली हवा निघून जाते आणि भिंती, छत व फरशी ऊब शोषत राहतात. भिंती बदलणे आपल्या हातात नाही, हवा अडवणे आहे, आणि ते सर्वांत स्वस्त काम आहे.

एक उदबत्ती पेटवून दाराच्या चौकटीभोवती, खिडकीच्या सांध्यांवर, गवाक्षाखाली आणि बाहेरच्या भिंतीवरील स्विचबोर्डाच्या भोकांजवळ सावकाश फिरवावी. पडद्यापासून ती दूर धरावी. धूर सरळ वर गेला तर सांधा बंद आहे. धूर आत ढकलला गेला किंवा बाहेर ओढला गेला तर तिथे खडूने खूण करावी. पंखा बंद ठेवून, वारा असलेल्या संध्याकाळी हे केल्यास अर्ध्या तासात सगळे घर तपासून होते. खुणेच्या जागी खिडक्यांना फोमची चिकटपट्टी, दाराखाली ब्रशची पट्टी किंवा जुन्या कापडात वाळू भरून शिवलेली लांबट पिशवी, आणि लाकडी चौकट व भिंत यांच्यामधल्या भेगेत लांबी (पुट्टी) किंवा सिमेंट भरावे.

कौलारू घरात खरा प्रश्न डोक्यावर असतो. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि कौलांच्या सांदींतून निसटते. छताविना कौलारू खोलीत हीटर लावणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणे. ज्या एका-दोन खोल्यांत ऊब हवी आहे तेवढ्यांनाच तक्तपोशी, जिप्समचे किंवा पीव्हीसीचे छत करून घ्यावे, आणि तेही जमत नसेल तर तुळईच्या पातळीवर जाड कापडाचे छत ताणून बांधावे. कापड लावल्यास हॅलोजन हीटर व पेटता दिवा यांच्यापासून ते पुरेसे उंच आहे याची खात्री करावी. छताच्या वरच्या पोकळीतून मात्र वारा वाहता ठेवावा, नाहीतर पावसाळ्यात वासे आणि रिपा ओल धरून कुजतात. कौलांच्या सांदी सिमेंटने बुजवण्याचा सल्ला काही गवंडी देतात. तो मानू नये, कारण पुढच्या पावसाळ्याआधी कौले परतायची असतील तेव्हा ती फोडूनच काढावी लागतात.

सगळे बंद करताना श्वासापुरती हवा राहिली पाहिजे. दोन माणसे झोपतात त्या खोलीत एखादी झडप किंवा खिडकीची बोटभर फट वरच्या बाजूला मोकळी ठेवावी.

चौथी पायरी : उन्हाचा उपयोग

बेळगाव सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून जेमतेम ५१ अंशांवर असतो, तर मेच्या आरंभी तो अगदी डोक्यावर येतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवरील दोन फुटांचा छज्जा उन्हाळ्यात ऊन अडवतो आणि हिवाळ्यात, विशेषतः सकाळी, ते आत येऊ देतो. हिवाळ्यात या खिडकीचे पडदे सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत पूर्ण बाजूला सरकवावेत, जिथे ऊन पडते तिथली सतरंजी उचलून फरशी उघडी ठेवावी म्हणजे ती तापेल, आणि सूर्य कलताच खिडकी व जाड पडदा दोन्ही बंद करावेत. बहुतेक घरांत हे उलटे होते: दुपारी सतरंजी अंथरलेली आणि संध्याकाळी दिवेलागणीला सगळी दारे-खिडक्या उघडी. दिवेलागणीला दार उघडे असावे ही रीत ज्यांना पाळायची आहे त्यांनी पुढचे दार उघडे ठेवून मागचे बंद ठेवावे, म्हणजे घरातून आरपार वारा वाहत नाही.

पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री ती ऊब आत सोडते. घरात पर्याय असेल तर हिवाळ्याचे तीन महिने वृद्धांची खाट नैर्ऋत्येच्या किंवा पश्चिमेच्या खोलीत, आतल्या भिंतीला लावून टाकावी. खर्च काही नाही.

पाचवी पायरी : हीटरची निवड

आता हीटरकडे वळता येईल. वर सांगितलेली दहा बाय बाराची खोली स्लॅबची असेल, दोन भिंती बाहेरच्या असतील, सांधे बुजवलेले असतील, बाहेर १३ अंश असताना आत १९ हवे असतील, तर ढोबळ हिशेबाने पाचशे-सहाशे वॉट ऊब बाहेर जात राहते. म्हणजे एक हजार वॉटचा हीटर पुरेसा आहे आणि तो सतत चालणारही नाही. दुकानदार दोन हजार वॉटचा पुढे करतो. तो घेतल्यास त्यावर एक हजाराचे बटण वेगळे आहे ना, ते पाहावे.

तारेच्या साहाय्याने तापणारे सर्व हीटर, किंमत काहीही असो, एका युनिटमध्ये सारखीच ऊब देतात. फरक ती ऊब कशी पोचते यात असतो. हवा फेकणारा ब्लोअर खोली लवकर तापवतो, पण आवाज करतो आणि बंद होताच ऊब ओसरते. तो अभ्यासाच्या खोलीत किंवा आंघोळीपूर्वी न्हाणीघराच्या दाराबाहेरून पाच मिनिटे लावायला चांगला. न्हाणीघराच्या आत, ओल्या जमिनीवर, कोणताही सुटा हीटर नेऊ नये. हॅलोजन किंवा क्वार्ट्‌झचा हीटर समोरच्या माणसाला थेट तापवतो, हवेला नाही, म्हणून छत नसलेल्या कौलारू सोप्यात पेपर वाचत बसलेल्या आजोबांना त्याचाच उपयोग होतो. झोपेत मात्र तो चालू ठेवू नये. तेलाचा हीटर तापायला वीस-पंचवीस मिनिटे घेतो, आवाज करत नाही, त्यात तांबडी तार उघडी नसते आणि बंद झाल्यावरही काही वेळ ऊब देतो. निजायच्या खोलीसाठी आणि बाळंतिणीच्या खोलीसाठी मी तोच सुचवीन.

या सर्वांहून कमी विजेत चालणारा मार्ग म्हणजे गरम व थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी. तो बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून आत आणतो, त्यामुळे एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटइतकी ऊब मिळू शकते, आणि बेळगावच्या १२-१३ अंशांत बाहेरच्या यंत्रावर बर्फ धरण्याचा त्रासही नसतो. उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल तर हा प्रकार विचारून घ्यावा. केवळ हिवाळ्यासाठी तो घेणे परवडत नाही. गरम करताना त्याच्या पट्ट्या खाली झुकवाव्यात. एसी छताजवळची हवा मोजत असल्याने त्यावर लावलेला आकडा आणि खाटेजवळचा आकडा यांत दोनेक अंशांचा फरक पडू शकतो. वहीवर विश्वास ठेवावा, रिमोटवर नाही.

सहावी पायरी : थर्मोस्टॅट लावणे

थर्मोस्टॅट म्हणजे ठरावीक तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारा भाग. हीटरवरील त्याच्या बटणावर बहुधा अंश नसतात, फक्त कमी-जास्त किंवा १ ते ६ असे आकडे असतात. ते आपल्या खोलीसाठी आपणच जुळवून घ्यावे लागतात. दार बंद करून बटण सर्वांत वर ठेवावे आणि तापमान दाखवणारे यंत्र खाटेजवळ ठेवावे. यंत्रात हवा तो आकडा, समजा १९, दिसला की बटण अगदी हळू खाली फिरवावे. एका जागी ‘टिक’ असा बारीक आवाज येतो आणि दिवा विझतो. तिथे बटणाच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका द्यावा. त्यानंतर तासभर पाहावे. तापमान साधारण १८ ते २० यांच्यामध्ये खाली-वर होत राहिले तर ठिपका बरोबर आहे. हीटर दुसऱ्या खोलीत नेला की ठिपका बदलतो, म्हणून दोन खोल्यांना दोन रंग वापरावेत. हे काम झाले की घरातील कोणीही, कितीही थंडी वाजली तरी, बटण टोकाला फिरवू नये. टोकाला फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते.

पहाटेच्या उबेसाठी टायमर किंवा स्मार्ट प्लग उपयोगी पडतो, परंतु तो १६ अँपिअरचा असला पाहिजे. साडेतीनला चालू, आठला बंद, एवढे पुरते. तेलाचा हीटर असेल तरच ही सोय करावी. कोणाचे लक्ष नसताना ब्लोअर किंवा हॅलोजन आपोआप चालू होणे धोक्याचे आहे.

सातवी पायरी : वायरिंग आणि बिल

दोन हजार वॉटचा हीटर २३० व्होल्टला जवळजवळ नऊ अँपिअर प्रवाह ओढतो. दिव्या-पंख्याच्या लहान सॉकेटची क्षमता ६ अँपिअर असते, म्हणून तिथे अडॅप्टर लावून हीटर चालवला की प्लग पिवळा पडतो, मग वितळतो. हीटरसाठी १६ अँपिअरचा पॉवर प्लग, किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास वीज तोडणारे बटण) आणि चांगले अर्थिंग हवे. खडेबाजार-शहापूरच्या जुन्या वाड्यांत लाकडी पट्टीवरचे वायरिंग अजून आढळते. तिथे हीटर लावण्यापूर्वी वायरमनकडून त्या एका खोलीपुरती तरी नवी वायर ओढून घ्यावी. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, मुख्य बोर्डावर नसेल तर तोही त्याच वेळी बसवून घ्यावा. एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर चालवू नये. पडदा, मच्छरदाणी, वाकळ यांपासून हीटर एक मीटर दूर असावा आणि त्यावर कपडे वाळत घालू नयेत.

हेस्कॉम या वीज कंपनीचे बिल कन्नडमध्ये असले तरी त्यावरून महिन्याचा वापर समजून घेणे अवघड नाही, आणि कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळे ते आता आवश्यकही झाले आहे. २०२३ पासून सुरू झालेल्या या योजनेत प्रत्येक घराला त्याच्या पूर्वीच्या सरासरी वापराच्या आधारे ठरवलेले युनिट मोफत मिळतात. त्याहून जास्त वापरल्यास वाढीव युनिटचे पैसे भरावे लागतात आणि महिन्याचा वापर २०० युनिटच्या पुढे गेला की पूर्ण बिल येते. दोन हजार वॉटचा हीटर रोज सहा तास न थांबता चालला तर महिन्याला ३६० युनिट होतात, म्हणजे एकटा हीटर ही मर्यादा ओलांडतो. एक हजार वॉटचा, थर्मोस्टॅटने निम्मा वेळ थांबणारा हीटर रोज तीन तास लावला तर महिन्याला सुमारे ४५ युनिट. जानेवारीत दर आठवड्याला मीटर वाचून वहीत लिहावा. बिलावर छापलेला मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढण्याची परवानगी आहे तो आकडा, हाही पाहावा. गिझर आणि हीटर एकाच वेळी चालणार असतील तर तो अपुरा पडू शकतो.

शेगडी आणि गॅस गिझर

बाळंतिणीच्या खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवण्याची, त्यावर ओवा-वावडिंगाची धुरी देण्याची पद्धत आपल्या खेड्यांत अजून आहे. बंद खोलीत ती जीवघेणी ठरू शकते. कोळशाचा धूर दिसेनासा होऊन निखारे लाल झाले म्हणजे धोका टळला असे वाटते. प्रत्यक्षात त्याच वेळी कार्बन मोनॉक्साइड तयार होत असतो, ज्याला रंग नाही, वास नाही, आणि ज्याने माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. डोके जड होणे, मळमळणे, एकाच वेळी घरातील दोघा-तिघांना गुंगी येणे ही त्याची लक्षणे आहेत. असे झाल्यास आधी सर्वांना उघड्यावर आणावे, मग डॉक्टरांकडे न्यावे. धुरी द्यायचीच असेल तर समोरासमोरची दार-खिडकी उघडी ठेवून, कोणीतरी जागे असताना, थोडा वेळ द्यावी आणि निजण्यापूर्वी शेगडी अंगणात नेऊन ठेवावी. खोलीची ऊब तेलाच्या हीटरवर सोपवावी. न्हाणीघराच्या आत बसवलेल्या गॅस गिझरलाही हाच धोका लागू आहे. तो बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत हवा. परड्यात पेटवायचा तांब्याचा बंब या बाबतीत शहाणपणाचा होता.

पावसाळ्यातील खोल्या

जांबोटी, कणकुंबी, लोंढा या पट्ट्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत थंडीपेक्षा ओल जास्त त्रास देते, आणि तिथे थोडीशी ऊब वेगळ्याच कामाला येते. २० अंशांना ९० टक्के आर्द्रता असलेली हवा, तिच्यातील पाणी तेवढेच ठेवून, २५ अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणून पुस्तके, कपडे, पापड-सांडगे ठेवलेल्या एका छोट्या खोलीत आठवड्यातून दोन-तीनदा दोन-दोन तास हीटर लावणे फायद्याचे ठरते. ओले कपडे मात्र त्या खोलीत वाळत घालू नयेत. संततधार चालू असताना खिडक्या उघडून काही साधत नाही. उघडीप पडून ऊन आले की तासभर सगळे उघडावे.

भिंतीवर ओल असेल तर ती हवेतून आली की जमिनीतून, हे आधी ठरवावे. प्लास्टिकचा हातभर चौकोन भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवावा. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले तर हवा दमट आहे, आणि ऊब व उघडीप यांनी काम होईल. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी जोत्यातून किंवा गळक्या भिंतीतून चढत आहे. त्यावर हीटर लावणे व्यर्थ आहे, गवंड्याला बोलवावे. कपाटे बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवल्यास मागची बुरशी बरीच कमी होते.

हंगाम संपल्यावर

फेब्रुवारीच्या मध्यानंतर पहाटेची नोंद सलग आठवडाभर १८ च्या वर राहिली की हीटर काढून ठेवावा. प्लग काढून, पूर्ण निवल्यावर ब्लोअरच्या जाळीतील धूळ मऊ ब्रशने झाडावी. तेलाच्या हीटरच्या पाकळ्यांमधली धूळ कोरड्या फडक्याने पुसावी आणि तो उभाच ठेवावा, आडवा करू नये. पावसाळ्यात तो माळ्यावर नव्हे, वर सांगितलेल्या कोरड्या खोलीत ठेवावा, कारण ओल धरलेली वायर आणि गंजलेला थर्मोस्टॅट हे दोन्ही दोष पुढच्या नोव्हेंबरात पहिल्याच दिवशी समोर येतात. त्या दिवशी प्लगच्या पिना आणि वायरची मुळे तपासून, खिडकी उघडी ठेवून अर्धा तास हीटर चालवावा. राहिलेली धूळ जळाल्याचा वास लवकर ओसरतो. तो ओसरला नाही, किंवा प्लास्टिक जळल्यासारखा वास आला, तर हीटर लगेच बंद करून दुरुस्तीला द्यावा.